चळत

पहाटेचे तीन-दहा. हल शहर.
कॉफीवर साय धरलेली, बाहेर हंबरवरून आलेलं धुकं
पार्किंगच्या दिव्यांना चिकटलेलं.

स्क्रीनवर स्टॅन्ली ऑग्लबीचं पोट.
वय शहात्तर, हेसल रोड, उमेद गेली ट्रॉलरवर.
छातीत धातूची झडप,
म्हणून रोज संध्याकाळी सहाला रक्त पातळ करायची गोळी.
मागच्या आठवड्यात खोकला झाला, अँटिबायोटिक मिळालं.
त्या दोन गोळ्यांचं आपसात काय ठरलं,
कुणी विचारलं नाही.
आयएनआर तीन हवा, तो नऊच्या पुढे.

फोनवर पिकर्सगिल, सर्जन, हात धुऊन तयार:
"आतडं अडलंय ना? उघडतो."

थांब, म्हटलं.
रंग टोचायच्या आधीच्या चित्रांकडे परत गेले.
भिंत तेव्हाच पांढरी होती.
रक्त घरात आलं नव्हतं, अंगणातही सांडलं नव्हतं;
गिलाव्याआड उतरलं होतं,
वरच्या मजल्यावर कुणी नळ उघडा टाकावा तशी ओल.
फुगलेल्या घड्या एकीला एक टेकून,
नाण्यांची चळत, असं पुस्तकात म्हणतात.
माझे वडील बँकेत कॅशियर.
चळतीवर नुसता अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, एक कमी आहे.

नऊ वर्षांपूर्वी, नदीपलीकडे, ग्रिम्सबीत
हीच भिंत मी गाठ म्हणून वाचली.
हातभर आतडं बादलीत गेलं.
पॅथॉलॉजीचं पत्र दीड ओळीचं: रक्त. बाकी काही नाही.
त्या बाईचं नाव
मी अजून कुणापुढे उच्चारलेलं नाही.

"कापू नकोस. नळ बंद कर."
शिरेतून व्हिटॅमिन के, गोठवणाऱ्या घटकांची बाटली,
नाकातून नळी, तोंडाने थेंब नाही.
"आणि झडप?" तो म्हणाला.
प्रश्न बरोबर होता.
रक्त गोठलं तर ती अडणार, नाही गोठलं तर भिंत फुगणार.
रक्तविकाराची ओयिंदामोला, झोपेतून उठवलेली,
उजाडेपर्यंत मिलिग्रॅम मोजत राहिली.

मी सहसा वॉर्डात जात नाही.
माझी माणसं राखाडी असतात, उताणी, न बोलणारी.
नवव्या दिवशी गेले.
तो जेलीचा चमचा चाटत होता,
नर्सशी पॅटी आणि चिप्सवरून हुज्जत घालत होता.
जवळ गेल्यावर झडप ऐकू येत होती,
स्वस्त घड्याळासारखी.
"अजून दुखतं," म्हणाला, "इथं,"
आणि माझा हात धरून जागेवर ठेवला.

माझ्या मापापासून
दोन बोटं डावीकडे.