जांभळ्या उजेडातला दात

सेतो गावात आधी कप व्हायचे.
कप, वाडगे, विजेच्या खांबांवरचे चिनीमातीचे टोप.
आता त्याच आवारात, त्याच धुराड्याखाली
आम्ही दात करतो.

भुकटी दाबून खडूसारखी चकती,
चकतीतून कोरलेली दाढ, बोराएवढी,
मग रात्रभर पंधराशे अंशांवर.
भट्टीत ती पंचमांश आक्रसते,
म्हणून आधी मोठीच कोरायची.
नवीन माणसाला हे पटत नाही.
"चुकलंय," म्हणतो, तळहातावर घेऊन.
मी म्हणते, थांब, उद्या सकाळी बोल.

माझ्या टेबलावर सोळा पांढऱ्यांची पट्टी आहे.
सोललेल्या मुळ्याचा पांढरा, भाताच्या पेजेचा,
कागदी दारातून झिरपलेल्या उन्हाचा.
गिऱ्हाइकांना हवा असतो सतरावा,
जो कुणाच्याच तोंडात उगवत नाही.
विक्रीचे मियाकोदा त्याला "बर्फ" म्हणतात.
बर्फावर आमचे पगार चालतात. मी नावं ठेवत नाही.

मार्चमध्ये गिफूहून पत्र आलं, शाईनं लिहिलेलं.
बाईंचे पुढचे दोन दात आमच्या मालाचे.
दवाखान्यात आरसा हातात आला तेव्हा त्या रडल्या, आनंदानं.
मग मुलाच्या लग्नानंतर सगळे गेले गाण्याच्या खोलीत.
तिथला दिवा जांभळा.
सगळ्यांचे दात निळसर उजळले, धुतलेल्या कॉलरीसारखे,
आणि या हसल्या
तर मधोमध दोन भोकं. काळी.
नवी सून बघतच राहिली.
"तक्रार नाही," शेवटी होतं,
"फक्त कळवलं. हल्ली तोंडावर हात धरून हसते."

तीनदा वाचलं.
मग खणातून पणजीची दातवणाची डबी काढली.
गंजलेलं लोखंड, शिरका, झाडाच्या गाठींची पूड.
लग्न झालं की रोज पहाटे पिसाच्या कुंचल्यानं
दात रंगवायचे, लाखेसारखे काळे.
पांढरे दात कुत्र्यांचे, म्हणायची म्हणे.
तिथून निघून आम्ही बर्फापर्यंत आलो,
आणि एका जांभळ्या दिव्याखाली
परत तिच्याच तोंडात.
मला हसू आलं. वाईटही वाटलं, पण हसू आधी.

खरा दात उजेड नुसता परतवत नाही.
थोडा गिळतो, आपला करून देतो.
आमचा गिळायचा आणि गप्प.

चौदा महिने.
बिस्मथ चिमूटभर: चकती पिवळीजर्द.
त्याच्या निम्मं: अंधार.
भट्टी जरा जास्त तापली: होता नव्हता उजेड उडाला.
एक दुर्मीळ माती (नाव आवाराबाहेर सांगत नाही)
हिरवी हसली, भुतासारखी.
एकेचाळिसाव्या खेपेला कोमोरी,
तोच नवीन मुलगा, दिवे घालवून म्हणाला,
"इसोगाई-सान, हे बघा."
चकती निळसर.
शेजारी त्यानं ओठ ओढून स्वतःचा सुळा धरलेला.
मग मीही.
किती वेळ आम्ही दोघं अंधारात
एकमेकांना दात दाखवत उभे होतो कोण जाणे.
पहारेकऱ्यानं दार उघडलं
आणि काही न बोलता लावून घेतलं.

दिवसा बघितलं तर किंचित पेजेकडे झुकलेली.
"हा बर्फ नाही," मियाकोदा म्हणाले. "खपणार नाही."
मी म्हटलं, सध्या दोनच हवेत.

दोन दात गिफूच्या दवाखान्यात गेले, बिलाशिवाय.
उत्तर आलेलं नाही.

उरलेल्यांतल्या दहा चकत्या चहात बुडवल्यात, दहा कॉफीत.
रोज सकाळी बदलते, रंग मोजते, वहीत लिहिते.
डाग न पडणं म्हणजे पास, असं नियमात आहे.
मला मात्र वाटतं, थोडा पडावा,
शेजारच्या दातांइतका, त्यांच्याच वेगानं,
म्हणजे बाई सत्तरीच्या होतील तेव्हा
तेही होतील.

मियाकोदांना हे अजून सांगितलेलं नाही.