वई

भात कापून झालं, गुरं उनाड सुटली.
पावट्याच्या दळ्याभोवती मी वई घालतोय:
ऐनाचे मेढे, आडव्या चिव्याच्या काठ्या,
मध्ये करवंदीची जाळी कोंबायची, काटे बाहेर.
बेडं अजून बसवायचंय.
खाली हर्णैच्या बंदरात लिलाव ओरडतोय.

गडग्यावर संघमित्रा, नववी ब, मांडीवर वही.
वक्तृत्व स्पर्धा, दापोलीला, शनिवारी.
"शांतिसेना नागरिकांचं रक्षण करते का?
मला अनुकूल बाजू आलीय.
बाबा, तुम्ही होतात ना तिथं?"

होतो. चौदा महिने. निळी टोपी
अजून माळ्यावर आहे, पत्र्याच्या ट्रंकेत.

"मग सांगा ना. बाईंनी अभ्यास दिलाय,
जिथं सैनिक जास्त, तिथं मुडदे कमी."
खरं आहे ते. लिही.
पाणंदीतून जाता जाता बाळा पेवेकर म्हणतो,
कुंपणच शेत खातं, हेही घाल गो त्यात.
तेही खरं, कुठंकुठं.
आमचं कुंपण खात नव्हतं. उभं होतं नुसतं.
शेत पलीकडेही होतं.

आणि सरपण सगळं पलीकडेच.
बायका जायच्या. पुरुष गेले तर परतत नसत,
बायका परतत. न्याबोल एवढंच बोलली होती,
पुढचं तिनं मोळीच्या दोरासकट
दातांत धरलं.
आमची गस्त मंगळवारी आणि शुक्रवारी.
चूल रोज.

"आणि फाटक?"
आईनं सांगितलं असणार.

रात्री बाजार पेटला तेव्हा
आदेश येतोय, येतोय, एवढंच वायरलेसवर.
मी कडी काढली. माणसं आत येऊ लागली,
कुणाच्या डोक्यावर गादी,
एकाच्या काखेत शिलाई मशीनचं नुसतं डोकं.
मी मोजत होतो. का, ठाऊक नाही. सवय.
एकसष्ट.
मग गोळ्या फाटकापर्यंत आल्या
आणि कडी मीच लावली.

ती लिहिते: एकसष्ट. खाली दोन रेघा ओढते.

बासष्टावा मला माहीत आहे.
हिरवा सदरा, एक चप्पल हातात.
त्याला कुठल्या बाजूला लिहायचं
ते बाईंना विचार.

बराच वेळ ती पेनाचं टोपण चावते.
"बाबा, भाषण तीनच मिनिटांचं आहे."

तीन मिनिटं पुष्कळ झाली, बाय.
फाटक तेवढंही उघडं नव्हतं.

ये, ही फांदी धर जरा.
अशी नाही. काट्याकडून नको.