किती उशा?

मंगळवारी कॅरिस येते. स्वान्सीचा हा चढ
मला चढवत नाही, धाप तिला लागलेली.
नडगीवर अंगठा दाबते;
कणकेत पडावा तसा खळगा,
सावकाश भरत येतो.
आम्ही दोघी बघत बसतो.

वजन दोन दिवसांत दीड किलो वर.
लोणच्याचं मी नाव काढत नाही.
पण खाल्ल्या मिठाला पाय जागतात,
सगळं सांगून टाकतात.

ती रागवत नाही.
फोनवर डॉक्टरांना विचारून पाण्याची गोळी वाढवते,
‘खांबेटे’तला ख
थेट घशातून, वेल्श.

मग नेहमीचं : झोपताना उशा किती?
तीन.
तिसरी ह्यांची आहे, म्हणाले,
श्वासासाठी नाही ती.

हे तिनं लिहिलं नाही.
पेनचं टोपण लावलं,
आणि पुढच्या घरी जायला
जरा उशीर केला.