अंशतः

स्टॉर्नोवेहून पश्चिमेला चाळीस मिनिटं गेलं की आमचा दवाखाना.
दोन डॉक्टर, एक नर्स,
आणि मागच्या खोलीत मी, हीटरला पाय लावून.
नोंदींमध्ये अकरा डोनाल्ड मॅक्लाउड आहेत.
गावात त्यांना कुणी तसं म्हणत नाही :
एक लोहाराचा, एक तांबड्या केसांचा,
एक न्यूझीलंडहून हात हलवत परत आलेला.
संगणकाला टोपणनावं कळत नाहीत.
त्याला जन्मतारीख लागते, आणि कोड.

इस्पितळाची पत्रं येतात.
मी वाक्यावाक्याला आकडा शोधते.
'वडिलांना मधुमेह' यातले वडील गळाले
की मुलगा जन्मभर साखर तपासायला येत राहतो.
'दम्याची शंका' यातली शंका गळाली
की पोरीच्या कपाळी दमा लागतो.
माणसं जे हळू आवाजात बोलतात,
बहुधा, पूर्वी, नाही, आईकडून,
तेच आधी सांडतं.

डॉक्टर मन्रो म्हणतात, मर्डिना, किती कीस काढतेस!
काढते.
कोड बरोबर असला तर होतं काय?
काहीच नाही. पत्र वेळेवर जातं.
लोक त्यानं चूल पेटवतात,
किंवा येतात, बाही वर करतात,
बोट पुन्हा रद्द झाली म्हणून कंपनीला शिव्या देतात, जातात.
बरोबर असण्याचा आवाज होत नाही.

एकदा एका कॅलमचं मरण मी दुसऱ्या कॅलमला लावलं.
तो काउंटरवर आला, टोपी काढून :
'ऐकतोय की मी गेलो. कशानं, तेवढं सांग.'
गाव दोन वर्षं हसलं.
ते हसण्यावारी गेलं.

नोव्हेंबरच्या वादळात दोन दिवस वीज नव्हती.
आली तेव्हा जुन्या नोंदी काढून बसले.
इशबेल मॅकॉले. गर्भाशय काढलं.
म्हणून गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या यादीतून
नाव वगळलं. कायमचं.
मूळ पत्र इन्व्हरनेसचं, फॅक्सवर फिकटलेलं.
दुसऱ्या पानावर, शस्त्रक्रियेच्या आधी,
एक शब्द :
अंशतः.

म्हणजे मुख राहिलं होतं.
तिच्या पोटात होतं, आमच्याकडे नव्हतं.
तेरा वर्षं.

खाली अद्याक्षरं माझीच.
मंगळवार, अकरा चाळीस.
मी त्या दिवसाला खूप खरवडलं :
ताप होता का, भांडण, आईची तब्येत?
काहीच निघालं नाही.
साधा मंगळवार. चहा घेतला असेल.

नर्स फोन करेल, असं ठरलं होतं.
मीच केला.
पलीकडे कुत्रा भुंकत होता, मेंढ्या आत घ्यायची वेळ.
'अगं,' इशबेल म्हणाली,
'मला वाटलं वय झालं, म्हणून बोलवायचं सोडलंत.
खरं सांगू? बरंच वाटलं होतं.'
ती हसली.
मला माझं नाव सांगायचं होतं,
मर्डिना नव्हे, ती अद्याक्षरं.
सांगितलं.
ती थोडा वेळ गप्प राहिली,
मग म्हणाली, गुरुवारी येते, गाडी नसली तरी येते.

नमुना शुक्रवारच्या विमानानं गेला.
आज बुधवार.
निकाल आलेला नाही.

मधल्या दिवसांत मी यादी काढली :
गर्भाशय काढलेल्या त्रेचाळीस बायका.
कोडावर विश्वास न ठेवता
प्रत्येकीचं पत्र, प्रत्येकीचं दुसरं पान.
काही पानं स्कॅन करताना उलटी गेलेली,
ती मान वाकडी करून वाचते.
डॉक्टर दारात येऊन उभ्या राहतात,
या वेळी कीस वगैरे म्हणत नाहीत.
खिडकी ठेवून जातात उघडी, मी लावते.

अठ्ठावीस झाल्या.
अठ्ठाविसाव्या पानावर
तोच शब्द, या खेपेला ठळक टाइपात,
आंधळ्यालाही दिसावा असा.
या नोंदीखाली अद्याक्षरं दुसऱ्या कुणाची,
पण त्यानं काही हलकं झालं नाही.

तिचा नंबर फिरवलाय.
वाजतोय.