उत्तेजनार्थही नाही

दापोलीला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा.
दिलनाज होडेकर, सहावी, शाळा हर्णै.
चौथ्या वाक्याला पाठांतर गेलं.
परीक्षकांचं बोट घंटेवर.
मी मान खाली घालून
चपलेतली वाळू झटकत राहिलो.

मग ती बोलली,
बंदरावर लिलावात आई उभी राहते तशी
पाय रोवून :
पापलेटाचा भाव कोण ठरवतं,
आणि बर्फ संपला
की तो कसा कोसळतो.

वेळ संपली. नंबर नाही.
उत्तेजनार्थही नाही.

परतीच्या एसटीत
कंडक्टरनं तिचं फुल तिकीट फाडलं.
वर्गात हजेरीलाही
दप्तराशी पुटपुटणारी ती
उठली, दांडी धरली, म्हणाली,
"माझं तिकीट अर्धं. मुद्दे तीन."

आसूदचं वळण आलं तरी
दुसराच चालू होता.
कंडक्टर ऐकत होता.