वयोगट

पुस्तक परत आलं ते अकरा पिना मारून.
पान एकशे बारा ते एकशे एकोणीस,
तिन्ही कडांनी बंद.
पिना अगदी एका रांगेत, माणूस नीटनेटका.
तांडेल काउंटरशी उभे, हातात हेल्मेट.
"बाई, हे चौदा वर्षांच्या पोरीला दिलंत तुम्ही?"
दिलं होतं. रजिस्टरात माझंच अक्षर.

आमची लायब्ररी माहीमला, लाँड्रीच्या वर.
दुपारी इस्त्रीची वाफ जिन्यातून चढते
आणि कादंबऱ्यांना
परक्या शर्टांचा वास लागतो.
किशोर विभाग म्हणजे खिडकीखालच्या दोन फळ्या.
वर राक्षस, अंतराळ, शूर मुलं.
खाली ती, ज्यांत मुलींना पाळी येते,
बाप पितो,
कुणीतरी गच्चीच्या कठड्याशी जरा जास्तच वेळ थांबतं.
खालची फळी लवकर जुनी होते.

तांडेलांना मी उलट बोलले नाही.
कारण मागच्या दिवाळीतला निहार.
सहावीतला. मीच म्हटलं होतं, घे, छान आहे.
त्याची आई आली होती. भांडली नाही,
नुसतं सांगून गेली:
चार रात्री दिवा चालू ठेवून झोपतोय,
गच्चीचं दार दोनदा तपासतो.
मी उशिराचा दंड माफ केला.
तेवढंच माझ्या हातात होतं.

गुरुवारी समिती बसली.
सहा जण, सर्वांत तरुण एकसष्ट.
चहा, खारी, विषय क्रमांक चार.
पुस्तक कुणी वाचलं नव्हतं,
पिना मात्र सगळ्यांनी मोजल्या.
राजाध्यक्ष म्हणाले, आमच्या वेळी असलं नव्हतं.
(होतं. गादीखाली होतं.
त्यांच्या घरची रद्दी आमच्याकडेच आली.)
वैद्य मॅडम म्हणाल्या, आयुष्यात आहे तेवढं पुरे,
पुस्तकात कशाला?
मग स्टिकर. सोळा अधिक की अठरा अधिक,
यावर पंचवीस मिनिटं.
टेबलावर सहा मोबाइल उताणे पडलेले,
त्यांना कुणी वय विचारलं नाही.
ठराव: काचेचं कपाट. किल्ली बाईंकडे.

रात्री शटर अर्धं ओढून
नेलकटरच्या टोकानं मी पिना काढल्या.
एक बोटात गेली.
आठ पानं. मे महिन्याची सुट्टी, एक मुलगी,
मावशीचे यजमान, माळ्यावरची खोली.
लिहिणारीनं फार काही लिहिलेलंही नाही.
पंख्याचा आवाज लिहिलाय.
कडी लिहिलीय.
मी अठ्ठावन्न वर्षांची, मला उठून पाणी प्यावं लागलं.
हे निहारला दिलं असतं? नाही.
मला कुणी द्यायला हवं होतं,
मी चौदाची असताना?
कपाटाला कुलूप लावलं.
दोनदा ओढून पाहिलं, निहारसारखं.

शनिवारी हर्षाली तांडेल आली.
भूगोलाचं गाइड बदलून घेतलं,
सही केली, पेन परत दिलं, आणि गेली नाही.
"बाई, माझं एकशे अकरापर्यंत झालं होतं."
मी म्हटलं, हं.
"ती सांगते का कोणाला? शेवटी?"

गोष्टीतलंच विचारत असेल.
या वयात शेवट आधी हवा असतो सगळ्यांनाच.
रजिस्टरच्या शिवणीतून सुटलेला दोरा
ती बोटाला गुंडाळत होती,
बोट पांढरं पडेपर्यंत.
खाली इस्त्री फुसकारली.

"सांगते," मी म्हटलं. "पान एकशे अठ्ठेचाळीस."
"आणि ऐकतात?"

किल्लीसाठी मी ड्रॉवर उघडला,
मग तो तसाच उघडा ठेवून
शेजारची खुर्ची रिकामी करायला घेतली.
तिच्यावर परत आलेल्या पुस्तकांची चळत होती,
खाली उतरवायला वेळ लागला.
ती तोवर उभी राहिली.