पंच क्रमांक दोन

साळवणच्या पुढं, नाक्याला लागून माझं पंक्चरचं दुकान.
रात्री जागा असतो, सही करता येते,
एवढ्यावर मी सरकारी कामात पंच.

टेम्पोत वर वैरण, खाली नऊ पोती.
मगदूम मॅडमनी एकाचा दोरा उसवला
आणि वास आला.

लहानपणी त्या झाडाखालनं आम्ही नाक दाबून पळायचो.
गुरं तोंड लावायची नाहीत.
आई सरपणालाही घ्यायची नाही,
म्हणायची, नरक्या तो, चूल बाटंल.
कुणालाच नको होता.
ते नकोसं असणं, तेवढंच त्याला कुंपण.

लिहिणाऱ्यानं लिहिलं:
ओल्या ढलप्या, मुळ्यांसह, चारशे बारा किलो,
अंदाजे किंमत —
इथं पेन थांबलं.
बयाजी झोरेला किलोमागं अठरा रुपये मिळणार होते.
त्याच्याकडून घेणाऱ्याचं नाव बयाजीला ठाऊक नाही,
नुसता एक मोबाईल नंबर, तोही आता बंद.

बयाजीनं माझ्याकडं पाणी मागितलं.
तांब्या धरलेल्या हाताच्या नखांत तांबडी माती.
"आधी खोडच न्यायचो," तो म्हणाला,
"बुडातनं परत फुटायचं, दोन सालात मनगटाएवढं.
आता मुळीला दर जास्त."
मग स्वतःच म्हणाला,
"खड्डा काय फुटतोय व्हय."

मॅडम म्हणाल्या, ह्यापासून कॅन्सरवरचं औषध करतात.
मला सीपीआरमधली सलाईनची बाटली आठवली,
माझ्या मेहुणीच्या उशाशी टांगलेली.
थेंब मोजत बसायचो दोघं.
ती ह्याचीच होती का, मी विचारलं नाही.
विचारून सही थोडीच बदलते.

आणखी एक, जे कुठल्याच कागदावर नाही.
उतारावरची राई गेल्या उन्हाळ्यात गेली,
तिथं आता प्लॉट पाडलेत, चुन्याच्या रेघा मारून,
कमानीवर नाव आहे, त्यात 'निसर्ग' आहे.
त्या राईत नरक्याची चाळीसेक झाडं असतील,
शिवाय झाडांवर वाढणारं ते शेंदरी फुलाचं काहीतरी,
ज्याचं नाव आम्ही कधी ठेवलंच नाही.
त्याचा पंचनामा झाला नाही.
जेसीबीचं मागचं चाक बसलं होतं तेव्हा,
मीच काढून दिलं. रोख नऊशे.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.
सही केली. बयाजीनं अंगठा दिला,
शाई पुसायला त्यानं माझंच फडकं घेतलं.
पोती डेपोत गेली.
पुढच्या तारखेपर्यंत तिथंच कुजतील,
मागची अजून आहेत.

उजाडता उजाडता पहिलं गिऱ्हाईक आलं,
बावड्याकडं निघालेलं जोडपं, नवी गाडी.
हवा बघा म्हणाले.
बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली,
"कसला हो हा वास?"
मी म्हणालो, "सोल्युशनचा."